पट्टी पाण्यातच राहू देण्याबाबत

प्रति,
मा. प्रशासकीय अधिकारी,
संशोधन संस्था.

विषय : दिवंगत पत्नीच्या टेबलावरील पट्टी कोरडी न करता तिची मोजणी करून मिळणेबाबत.
संदर्भ : मौल्यवान वस्तू तिजोरीत जमा करण्याविषयीचे आपले पत्र.

महोदय,

१. पत्नी गेल्याचे रुग्णालयातून कळले तेव्हा अर्जदार शाळेची बस घेऊन निघण्याच्या बेतात होता. मुले चढलेली होती. बदली चालक येईपर्यंत अर्जदार स्टिअरिंग धरून तसाच बसून राहिला. आदल्या संध्याकाळी पत्नीने एकच काम सांगितले होते : "अहो, धाकटीला सांगा, पट्टी पाण्याबाहेर काढू नकोस. मोजणीआधी तर मुळीच नको." धाकटी म्हणजे प्रयोगशाळेतली तिची सहकारी. निरोप त्याच दिवशी पोचवला.

२. सदर पट्टी काचेची असून तिच्यावर सोन्याचा अतिशय पातळ थर आहे. त्यावर, पाण्याखाली, पेशीभोवती असतो तसा स्निग्ध रेणूंचा कृत्रिम पडदा आहे. तो सुटा ठेवला तर वाहून जातो, सपाट चिकटवला तर निकामी होतो. म्हणून त्याला मोजक्या जागी खाली बांधतात. पत्नीने हे दोरीवरची चादर दाखवून समजावले होते. चिमटे कमी पडले तर चादर उडते, जास्त झाले तर हलत नाही. आमचे सगळे भांडण चिमट्यांचे आहे, असे ती म्हणे. या पट्टीवरचे चिमटे तिने नव्याने बनवलेले आहेत. आधीचे पडदे लवकर सुटत. हा अजून धरून आहे की नाही, ते बारीक वीजप्रवाह सोडूनच कळते. हवा लागली की पडदा संपला.

३. प्रयोगशाळेत डबीवर आतल्या पट्टीचा पृष्ठभाग लिहिण्याची पद्धत आहे : काच, अभ्रक, सोने. टेबल रिकामे करताना भांडारपालांनी "सोने" वाचले आणि डबी मौल्यवान वस्तूंत धरली. आता पट्टी पुसून, वाळवून, तोलून तिजोरीत जायची आहे. अर्जदार त्यांना भेटला. माणूस चांगला आहे, खुर्ची दिली, चहा दिला. म्हणाले, "काका, सोनं म्हटलं की वजन आलंच. ओल्या वस्तूचं वजन मी लिहू कसं?" त्यातले सोने खरवडले तर सुईचे टोकही मढणार नाही, असे अर्जदाराने सांगितले. त्यावर ते म्हणाले, "मग तुम्हाला एवढी काळजी कसली?" याचे उत्तर लेखी द्यावे असे अर्जदाराने ठरवले. ते या अर्जाने देत आहे.

४. मोजणीचे यंत्र वरच्या मजल्यावर आहे. त्यावरची वेळ पत्नीच्या नावे राखलेली असल्याने ती धाकटीला देण्यासाठी पत्नीची समक्ष सही लागते, असे तेथील लिपिकांनी सांगितले. मृत्यूचा दाखला दाखवला तर तो आस्थापना शाखेत द्या म्हणाले. आस्थापना शाखा म्हणते, यंत्र आमच्याकडे येत नाही. अर्जदाराने हा जिना इतक्या वेळा चढउतार केला आहे की पहारेकरी आता कुणाकडे जायचे ते विचारत नाही, नुसता बाजूला होतो.

५. तरी विनंती की, पट्टी पुसू नये. तिजोरी अटळच असेल तर डबी पाण्यासकट आत ठेवावी. तिजोरी गंजल्यास भरपाईची हमी अर्जदार लिहून देईल. पत्नीच्या सहीऐवजी अर्जदाराची सही घ्यावी. घरच्या कामांत ती आजवर चालत आली आहे. मोजणीत पडदा सुटलेला निघाला तर तसे कळवावे, अर्जदाराची तक्रार राहणार नाही. पण पडदा तिचे चिमटे सुटले म्हणून गेला की आपण पट्टी वाळवली म्हणून, हे कोरड्या पट्टीवरून कुणालाच सांगता येणार नाही.

६. तोवर धाकटी डबीत खारे पाणी घालत आहे. बस लावून झाली की अर्जदार प्रयोगशाळेच्या दाराच्या काचेबाहेर उभा राहून पाण्याची पातळी पाहतो. आत जाण्याची परवानगी त्याने मागितलेली नाही.

आपल्या आदेशाची वाट पाहणारा,
(सही)
अर्जदार, शाळा बसचालक
दिनांक : आपले पत्र मिळाले तोच

सोबत :
१) मृत्यूच्या दाखल्याची प्रत
२) आपल्या पत्राची प्रत
३) मोजणीचा निकाल : जोडलेला नाही. मोजणी अजून व्हायची आहे.