चार तास मोकळे

दि. १८ नोव्हेंबर

चि. धाकट्यास,

पत्र पाहून चकित होशील. फोन केला असता, पण माझा आवाज ऐकताच तू ठेवून दिला असतास, आणि त्यात तुझं काही चुकलंही नसतं. पत्र निदान फोडावं तरी लागतं.

इकडे सर्व ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो. दुकान रोज उघडतो. हल्ली नवीन कापड शिवायला कुणी येत नाही. पँट आखूड करा, चेन बदला, एवढंच काम. ताई एक दिवसाआड येऊन डबा ठेवून जाते. "बाबा, जेवता ना?" असं विचारते, मी हो म्हणतो, तरी ती कालचा डबा उघडून बघतेच. अगदी आईवर गेली आहे. डोळ्याला मोतीबिंदू आहे म्हणतात, त्यामुळे सुईत दोरा ओवायला शेजारच्या इस्त्रीवाल्याला हाक मारावी लागते. तो ओवतो आणि वर म्हणतो, "काका, आता पुरे करा." मी म्हणतो, "मग दिवसभर तुझं तोंड बघत बसू का?"

आई जाऊन सव्वा महिना झाला. हे तुला ताईने कळवलं आहे. तू "बरं" म्हणून फोन ठेवलास, असं ती म्हणाली. तू का आला नाहीस, हे मी तिला विचारलं नाही. कारण मला ते माहीत आहे.

सप्टेंबरमधल्या त्या सहलीबद्दल लिहायचं आहे. युरोपदर्शन, अकरा दिवस, सात शहरं. मी कसला जातोय! जन्मभर कधी गावाबाहेर दोन मुक्काम केले नाहीत. हा सगळा तुझ्या आईचा खटाटोप. आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जायची, आणि तिथे पडल्या पडल्या सहलींची पत्रकं वाचायची. मी चिडवायचो, "पाय गादीवर आणि डोकं विमानात." ती पाच-सहा कंपन्यांची पत्रकं ताडून बघत होती, ते राजवाडे आणि बर्फाचे डोंगर बघायला नव्हे. तुझ्या शहरात कोण किती मोकळा वेळ देतं, एवढंच ती बघत होती. बाकी सगळे तास-दीड तास देत होते. एकजण मात्र चार तास देत होता. त्या ओळीवर तिने माझ्या खडूने खूण केली. मग मला म्हणाली, "मी आता फार दिवस नाही. मी गेल्यावर तुम्हा दोघांना बोलायला लावणारं कुणी उरणार नाही. मी असताना एकदा बोला. एवढं कर माझ्यासाठी." दोन वाजता चौकातल्या कारंज्यापाशी ये म्हणून तुला तिनेच कळवलं.

सहल तशी मजेची होती. टूर मॅनेजर बाई हातात पिवळा झेंडा घेऊन पुढे पळायची, तिला आम्ही झेंडेवाली म्हणायचो. माझ्या खोलीत एक निवृत्त गुरांचे डॉक्टर होते. ते घोरायला लागले की त्यांचे जुने पेशंट आठवायचे. झेंडेवाली बसमध्ये रोज माइकवर सांगायची, "फ्री टाइमचं सोनं करा! आधी ठरवा काय बघायचं. सगळं बघायच्या नादात काहीच बघून होत नाही. आणि पाच म्हणजे पाच हं, बस थांबणार नाही." लोक वहीत लिहून घ्यायचे. तुझ्या शहरात उतरलो तेव्हा डॉक्टर म्हणाले, "चला, संग्रहालय बघू." मी म्हटलं, "मला काम आहे." ते हसले. म्हणाले, "इथे तुमचं काय काम?"

आता ते लिहितो.

तू दोनला आलास. मी तुला बघितलं.

मी दीडलाच पोचलो होतो. कारंज्यापासून तीसेक पावलांवर एक कॉफीचं दुकान आहे, दर्शनी भागाला मोठी काच आहे. त्या काचेमागे बसलो. लपायचं असं मनात नव्हतं, देवाशपथ. पण तू दिसलास आणि मला वाटलं, जरा थांबू. बघू दे त्याला इकडेतिकडे. येऊ दे शोधत. आपल्या घरात कुणी कधी माफी मागितली नाही. मी रागावून आतल्या खोलीत जाऊन बसायचो आणि थोड्या वेळाने तू पाण्याचा पेला घेऊन दारात उभा राहायचास. मी पाणी प्यायलो की भांडण संपलं. तू दहा वर्षांचा असताना तसं, आणि पंचविशीचा झाल्यावरही तसंच. अकरा वर्षांपूर्वी तू दुकानात बसणार नाही म्हणालास, नोकरीसाठी परदेशी निघालास, आणि ज्याला सुईदोऱ्याची लाज वाटते त्याने माझ्या दारात पुन्हा पाय ठेवू नये, असं मी बोललो. त्याही दिवशी मी आतल्या खोलीत बसून होतो. तू आला नाहीस. गाडीची वेळ झाली होती, असं आई म्हणाली. ते माझ्या डोक्यात अकरा वर्षं बसलं होतं. म्हणून मी त्या काचेमागे बसून राहिलो, तू येशील म्हणून. तुला कारंज्यापाशी थांब सांगितलं होतं, तू कारंज्यापाशीच थांबणार, हे माझ्यासारख्या शहाण्याला सुचलं नाही.

तुझ्याबरोबर एक लहान मुलगी होती. मला कुणी सांगितलं नव्हतं. चार-पाच वर्षांची, निळा कोट. तू घड्याळ बघत होतास. ती कंटाळली आणि हिंडत हिंडत थेट माझ्या काचेपाशी आली, मांडलेले केक बघायला. माझ्यापासून हातभर अंतरावर होती. कोटाला पाच काजं. हाताने घातलेली. चार उभी आणि शेवटचं आडवं.

लहान मुलांच्या कोटाला असं शेवटचं आडवं काज आपल्या दुकानाशिवाय या जगात कुणी हाताने घालत असेल तर मला माहीत नाही. मीच तुला शिकवलं होतं, खाली वाकलं तरी बटण निघत नाही म्हणून.

ज्या पोराला मी सुईदोऱ्याची लाज वाटते म्हटलं, त्याने परक्या मुलखात बसून आपल्या मुलीचा कोट स्वतः शिवला होता. ती मान वर करून माझ्याकडे बघायला लागली. तुझ्यासारखीच बघते, टक लावून. आणि मी मेन्यूकार्ड उचलून तोंडासमोर धरलं. एकाहत्तर वर्षांचा माणूस, नातीपासून तोंड लपवत होता.

तू तिला हाक मारलीस, ती पळाली. मग मी उठेन उठेन म्हणत होतो. पण अर्धा तास झाला की माणसाला वाटतं, आता गेलो तर विचारेल, इतका वेळ कुठे होतात? तासाभराने ते आणखी अवघड होतं. चार वाजता तू तिला खांद्यावर घेतलंस आणि निघालास. तेव्हाही पळत आलो असतो तर गाठता आलं असतं. मी कॉफीचं बिल मागवलं.

संध्याकाळी हॉटेलातून आईला फोन केला. "भेटला?" मी म्हटलं, "आलाच नाही." ती म्हणाली, "बरं. दमला असशील, पड जरा."

घरी आल्यावर ती रोज दुपारी मला पलंगाशी बसवायची आणि विचारायची, "त्या चार तासांत काय काय केलंस, सांग ना." मी म्हणायचो, हिंडलो. "कुठे?" मग मी रचून सांगायला लागलो. मोठ्या चर्चच्या मनोऱ्यावर चढलो, तीनशे पायऱ्या. तिने विचारलं, "गुडघे दुखले नाहीत?" मी म्हटलं, "छे!" मला आपल्या घराचा जिना बसत बसत चढावा लागतो, हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं? दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. "अजून काय पाहिलंस?" पूल सांगितला, बाजार सांगितला. तुझी आई ऐकत राहायची, माझ्या तोंडाकडे बघत. असे एकोणीस दिवस. शेवटच्या दुपारी माझा हात धरून म्हणाली, "अजून काही सांगायचं राहिलंय का?" मी म्हटलं, "नाही गं. एवढंच." तिने डोळे मिटून घेतले. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली.

परवा ताईने बोलता बोलता सांगितलं की तू त्या दिवशी चौकातूनच आईला फोन केला होतास. चार वाजता. दोन तास उभा होतो, बाबा आले नाहीत म्हणून. म्हणजे माझा फोन आला तेव्हा तिला सगळं माहीत होतं. मुलीचंही माहीत होतं. फक्त बाबांना सांगू नकोस, मीच दाखवतो, असं तू तिला आधी म्हणाला होतास म्हणे.

ती मला रोज संधी देत होती, आणि मी तिला मनोरे दाखवत होतो.

धाकट्या, मी क्षमा मागत नाही. मागायची सवय नाही आणि देणारी गेली. तू यावंस असंही म्हणत नाही. मला पुन्हा तिकडे येणं या जन्मी होणार नाही, डॉक्टरांनी प्रवास बंद केला आहे. आपलं बोलणं व्हावं म्हणून तिने मरता मरता चार तास मिळवले होते. ते मी संपवले. आता कुणी आणखी मिळवून देणार नाही, हे मला कळतं.

ताई सांगत होती, मुलगी अजून विचारते की आजोबा का आले नाहीत, आणि तू म्हणतोस, त्यांना यायचं नव्हतं. तेवढं एक बदल. आले होते म्हणून सांग. मग भेटले का नाहीत असं तिने विचारलं, तर घाबरले म्हणून सांग. लहान मुलांना घाबरणं कळतं.

तुझ्या आईशी अखेरच्या दिवसापर्यंत खोटं बोललेला,
तुझा बाबा