तलावावरचा हललेला फोटो

बल्लारपूर, २१ मे २००६

ती. लटारूमामांस मिथुनचा सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. मामीने बांधून दिलेल्या सुक्या झिंग्यांमुळे बसमध्ये माझ्या शेजारी कुणी बसले नाही.

नव्या डिजिटल कॅमेऱ्यावरून तुम्ही रागावलात. पण रोल धुवून येईपर्यंत आता लग्नवाले थांबत नाहीत. शिवाय बिघडलेला फोटो जागीच पुसता येतो. तलावावर मासेमारीच्या दिवशी काढलेल्यांपैकी अकरा मी बसमध्येच पुसले.

तुम्ही दिलेला जुना कॅमेरा दुकानदार विकत घ्यायला तयार आहे. देऊ का? तुमच्या शब्दाशिवाय देणार नाही. लोभ आहेच, तो उणा होऊ देऊ नये.

आपला भाचा,
मिथुन

धानोरा, ४ जून २००६

चि. मिथुनले आशीर्वाद.

कॅमेरा तुले दिला तवाच तो तुहा झाला. विकाचा तर विक, मले काऊन विचारतं? पण रोलवर बिघडलेला फोटोही राहते. माझ्या पत्र्याच्या डब्यात तीस वर्षांच्या बिघडलेल्या निगेटिव्ह आहेत. तुही मामी त्याले कचऱ्याचा डबा म्हणते.

तू तलावावर काढलेल्या फोटोसाठी ती रोज डाकवाल्याले अडवून राह्यली. म्हणते, घरात फोटोवाला नवरा असून माझा पहिला फोटो भाच्यानं काढला. लवकर धाड.

तुहा मामा,
लटारू

धानोरा, २७ ऑगस्ट २००६

चि. मिथुनले आशीर्वाद.

तुह्या मामीच्या तेरवीले तू आला, पण माणसांच्या गर्दीत बोलणं झालं नाई. पाटावर फोटो नव्हता, नुसता हार होता, ते तू पाह्यलं. आख्ख्या धानोऱ्याचे फोटो काढले मी. गोकुळा समोर बसली की म्हणाचो, दोनच उरले, ते गिऱ्हाइकाचे. पुढच्या रोलात तुहा. तापानं चार दिवसांत गेली. पुढचा रोल आलाच नाई.

तुह्याजवळचा तलावावरचा तो एक धाड. हललेला असला तरी चालते.

लटारू

बल्लारपूर, २ सप्टेंबर २००६

ती. मामांस सा. न.

हे पत्र तीनदा लिहून फाडले. मामीचा फोटो त्या पुसलेल्या अकरांत होता. जूनमध्येच कळवायला हवे होते. दिवाळीला येऊन नीट काढीन आणि तोच पहिला म्हणून देईन, असे मनाशी ठरवले होते. तेरवीला तुमच्यासमोर जेवलो आणि तसाच परत आलो.

पुसलेला फोटो परत मिळतो का, असे दोन दुकानांत विचारले. त्याच कार्डावर मी नंतर चार लग्ने काढली, त्यामुळे आता काही निघणार नाही म्हणाले. तुमचा कॅमेरा विकला नाही. आता विकणारही नाही. रागावलात तरी पत्र लिहिणे सोडू नये, ही विनंती.

मिथुन

धानोरा, ९ सप्टेंबर २००६

चि. मिथुनले आशीर्वाद.

तू पुसला, मी तर काढलाच नाई. पुसण्याआधी तू पाह्यला तर असंन? त्यात काय काय होतं, ते लिहून धाड. तुही नजर बारीक आहे. काही सोडू नको.

लटारू

बल्लारपूर, १४ सप्टेंबर २००६

ती. मामांस सा. न. आठवते तेवढेच लिहितो, जास्तीचे काही घातलेले नाही.

फोटो आडवा. मामी मधोमध, गुडघाभर पाण्यात. हिरवे लुगडे, काष्टा वर खोचलेला. उजव्या हातात मरळ मासा. हात हलला होता, म्हणून बांगड्या मोजता येत नव्हत्या. डाव्या भुवईवर चिखलाचा ठिपका. तोंड उघडे, कारण ती ओरडून सांगत होती की मले नोको, माशाले काढ. मागे पाण्यावर ऊन, त्यामुळे चेहरा थोडा काळा आला होता. पण हसत होती, ते कळत होते.

डोळे कॅमेऱ्याकडे नव्हते. म्हणूनच मी तो बिघडलेला धरला. ती उजवीकडे, फोटोच्या काठाबाहेर बघत होती. तिकडे तुम्ही जाळे ओढत होतात.

मिथुन