सहा चुंबकं आणि गोविंदाची म्हैस

मी, बाबाराव महादेव निखाडे, वय ६८, धंदा वेल्डिंग व ग्रिलकाम, राहणार दिघोरी, नागपूर, माझ्यामागे काय कोणाचं ते या कागदावर माझ्या हाताने लिहून ठेवत आहे. डोकं ठिकाणावर आहे, तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. फुफ्फुस ठिकाणावर नाही, पण कायदा फुफ्फुसाचं विचारत नाही. मला कोणी धाक दाखवलेला नाही, की गोड बोलून लिहून घेतलेलं नाही. गोड बोलणारं घरात कोणी उरलेलंच नाही. आधी वकिलाकडून टाइप करून घेतलेलं मृत्युपत्र रद्द समजावं. त्यात सगळं बरोबर होतं, फक्त मुख्य गोष्ट नव्हती.

कलम १. माझं राहतं घर, म्हणजे पुढच्या दोन खोल्या, आणि टिनाच्या शेडमधलं दुकान माझी एकुलती एक मुलगी मेघा मंगेश कडू, राहणार बुटीबोरी, हिला देत आहे. मागच्या खोलीचं कलम ४ मध्ये लिहिलं आहे. बँकेत जे असेल तेही मेघाचं.

कलम २. माझी दिवंगत पत्नी वच्छला हिच्या भावाला काहीही देऊ नये. बहीण दवाखान्यात शेवटचे श्वास घेत होती तेव्हा हे गृहस्थ सीताबर्डीत सोफा पाहत फिरत होते. सोफा चांगला निघाला असेल अशी आशा आहे.

कलम ३. वेल्डिंग मशीन, ग्राइंडर, ड्रिल वगैरे मेघाने विकावं. सहा चुंबकं मात्र कोणाला विकू नयेत, देऊही नयेत. का, ते सांगतो. वेल्डिंगचं चुंबक दोन पाइप काटकोनात धरून ठेवतं. त्याच्या तोंडाला लोखंडाचा कीस चिकटला की पाइप नीट टेकत नाही आणि गेट वाकडं निघतं. फडक्याने पुसावं तर कीस या बाजूचा त्या बाजूला पळतो. हवा मारावी तर डोळ्यात जातो. वच्छलाने यावर उपाय काढला होता: घट्ट मळलेली कणीक. गोळा चुंबकावर दाबायचा आणि उचलायचा. कीस, ड्रिलचे काप, वायर ब्रशच्या तुटलेल्या तारा, सगळं गोळ्यात येतं. रोज पोळ्या झाल्या की एक गोळा ती दुकानासाठी बाजूला ठेवायची. वापरलेले गोळे पत्र्याच्या डब्यात जमा करायची आणि डबा भरला की खड्डा करून पुरायची. मी हसायचो. म्हणायचो, चालली कणकेची अंत्ययात्रा! तीही हसायची, पण पुरायचं काही सोडलं नाही.

२०१९ मध्ये वच्छला गेली. कणीक मळणं मी चालू ठेवलं, डबा ठेवला नाही. गोळा वापरला की मागच्या भिंतीवरून पलीकडे फेकून द्यायचो. पलीकडे गोविंदा उमाटे याची म्हैस बांधलेली असायची. मला ते माहीत होतं. रोज तिचा आवाज ऐकू यायचा.

कलम ४. मागची खोली, गल्लीत उघडणाऱ्या दारासह, श्रीमती यमुताई किसन बावणे, हल्ली मुक्काम कामठी, यांना कायमची देत आहे. त्या माझ्या नात्यातल्या नाहीत. आमच्या समोर एका खोलीत भाड्याने राहायच्या, विधवा, मूलबाळ नाही. उरलीसुरली भाकर रोज गोविंदाच्या म्हशीला चारायच्या. शेणावरून त्यांचं आणि गोविंदाचं भांडण व्हायचं, तरी भाकर बंद नव्हती.

२०२१ च्या उन्हाळ्यात म्हशीने खाणं सोडलं, रवंथ सोडलं. पाठ वर काढून नुसती उभी राहायची आणि कण्हायची. गुरांचे डॉक्टर आले. गोविंदा औषध आणायला गेला होता, म्हशीजवळ मी होतो. डॉक्टर मला म्हणाले, “पोटात लोखंड गेलं वाटते. कांडीसारखं चुंबक घशातून उतरवून पाहू, कधी कधी जनावर वाचते. तुमच्या दुकानात आहे काय जी?”

होतं. ड्रॉवरमध्येच होतं, खाली पडलेले स्क्रू उचलायचं. मी म्हणालो, “नाही.”

चुंबक दिलं असतं तर लोखंड आलं कुठून, हा प्रश्न आला असता. डॉक्टर दुसरीकडून आणतो म्हणाले. ते आणेपर्यंत म्हैस मेली. गोविंदा मला विचारायला आला, तेव्हा मी त्याला भंगाराचा ड्रम दाखवला, ड्रमचं कुलूप दाखवलं. माणूस साधा. कुलूप पाहून तो वळला, तो थेट यमुताईंच्या दारात.

“काहून चारले वं तिले खिळे?”

“भाकर चारली गा, बाप्पा. भाकरच चारली मी.”

सगळी गल्ली पाहत होती. मीही पाहत होतो, हातमोजे घालून उभा. त्यानंतर यमुताईंच्या हातचं कोणी काही घेतलं नाही, चिमूटभर साखरसुद्धा नाही. दोन महिन्यांनी त्या कामठीला भाचीकडे गेल्या.

मागच्या महिन्यात मी कामठीला गेलो होतो, सगळं सांगून टाकायला. मला पाणी भाचीने दिलं. यमुताई लांब बसून म्हणाल्या, “मी नाही देत जी कोणाले काही. पिठात खिळा पडला असंन, मले दिसला नसंन. डोये कमजोर ना माहे. माझ्याच हातानं मेली ती.” एवढ्या वर्षांत बाईने स्वतःला पटवून घेतलं होतं. मी पाणी प्यायलो आणि शेअर ऑटोत बसून परत आलो. थू माझ्या जिंदगानीवर.

तरी जाहीर करतो की ती म्हैस माझ्या कणकेने मेली. माझं प्रेत उचलण्याआधी मेघाने हे कलम गोविंदाच्या दारासमोर मोठ्याने वाचावं. खांदा द्यायला मग कोणी उरलं नाही तर गाडी बोलवावी. त्यानंतर मेघाने कामठीला जाऊन यमुताईंना सांगावं, त्यांच्याकडे भाकर मागावी आणि त्यांच्यासमोर बसून खावी.

मेघा, तू म्हणशील, बाबा, जिवंतपणीच काहून नाही सांगितलं? गोविंदाने दुसरी म्हैस घेतली. रोज सकाळी तो माझ्या दारात दूध ठेवतो, खोकला कसा आहे विचारतो. माझी विचारपूस करणारा तो एकच उरला आहे, बेटा. मला तोही घालवायचा नाही. एवढंच कारण आहे.

कलम ५. साक्षीदारांनी फक्त माझी सही पाहिली आहे. आतला मजकूर त्यांना वाचून दाखवलेला नाही.

ठिकाण: दिघोरी, नागपूर
दिनांक: ६ फेब्रुवारी २०२५
सही: बाबाराव महादेव निखाडे
साक्षीदार १: गोविंदा डोमाजी उमाटे
साक्षीदार २: हर्षित सुधाकर ढोबळे

पुरवणी

कलम ४ मधली मागची खोली आता मेघाने घ्यावी. यमुताई बावणे १४ मार्च रोजी कामठी इथे वारल्या. भाकर मागण्याची सूचनाही रद्द. दारासमोर वाचण्याची सूचना कायम आहे.

ही बातमी मला गोविंदानेच दिली, आज सकाळी दूध ठेवायला आला तेव्हा. म्हणाला, “गेली ना जी बुढी. भाची सांगे, शेवटी शेवटी माझ्या म्हशीची माफी मागून राहिली होती.” मग चष्मा पुसत म्हणाला, “मी बी करून टाकलं माफ तिले. मेल्यावर काय ठेवाचं मनात?”

आता सहीला त्यालाच बोलावतो आहे. कागद त्याच्यापुढे सरकवीन आणि सही कुठे करायची ते बोटाने दाखवीन.

ठिकाण: दिघोरी, नागपूर
दिनांक: १९ मार्च २०२५
सही: बाबाराव महादेव निखाडे
साक्षीदार १: गोविंदा डोमाजी उमाटे
साक्षीदार २: हर्षित सुधाकर ढोबळे