कच्चा बेस कुणाचा?

मेहरूण, जळगाव
९ जानेवारी २०२५

तीर्थरूप नानांस, दिपमालाचा सा. न. वि. वि.

फोनला सासूबाईंचे कान असतात, म्हणून पत्र. मला तिसरा महिना लागलाय. रक्तात थॅलेसेमिया मायनर निघाला. मी आजारी नाही. जनुकातला एक बेस, म्हणजे एक अक्षर तेवढं बदललंय, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पण ह्यांच्यातही तसंच असेल, तर बाळाला मोठा आजार होऊ शकतो. म्हणून ह्यांनी आठवड्यात रक्त तपासून घ्यायला हवं. सासूबाई म्हणतात, हिच्या माहेरचाच बेस कच्चा, माझ्या पोराला सुई कशाला? आणि हे कंपनीतलंच बोलतात, बेसलाइन ठरली की प्लॅन हलवायचा नाही. नाना, दिवस चाललेत. काय करू?

तुमची,
दिपमाला

धुळे
१२ जानेवारी

जावईबापू योगेंद्ररावांस पितांबर मिस्त्रीचा स. न. वि. वि.

आमच्याकडे चांगल्याला बेस म्हणतात. तुमच्या घरात त्या शब्दाची शिवी झालेली ऐकली. मग मीही तपासायला रक्त देऊन आलो. तेच निघालं. म्हणजे कच्चा बेस माझा. तो घेऊनच चाळीस वर्षं परांच्या चढतोय, अजून खचलो नाही. विहीणबाईंना सांगा, बोलायचं ते मला बोला, पोरीला नको.

आता धंद्याचं. पाया खोदताना काळी माती लागली, तर मी नकाशा कवटाळून बसत नाही. मुरूम लागेपर्यंत खाली जातो. बेसलाइन काय, ते एका इंजिनियरला विचारलं. म्हणाला, काम कुठवर सरकलं ते मोजायची रेघ. मोजायलाच आहे ना, राव? मग मोजा. एक सुई तर शे, दुसरं काय!

लोभ हवाच, पण रिपोर्ट येईस्तोवर राग धरलात तरी चालेल.

पितांबर

मेहरूण, जळगाव
१८ जानेवारी

तीर्थरूप नानांस, योगेंद्रचा सा. न. वि. वि.

राग दोन दिवस धरला. खरं तर भीती होती, सुईची नाही, रिपोर्टची. मग दिपमालाला घेऊनच रक्त द्यायला गेलो.

माझं रक्त साफ आलं. मी पेढे आणले. आई लगेच म्हणाली, बघ, आपल्याकडे काही नाहीच. दिपमाला उठून स्वयंपाकघरात गेली. मी आईला डॉक्टरीणबाईंचं वाक्य सांगितलं, बाळ आता फार तर त्याच्या आईसारखं निघेल. म्हटलं, मला तर तेच हवंय.

आई उठली. मग पेढ्यांचा पुडा उचलून आत गेली. आत दोघी काय बोलल्या ते कळलं नाही. पण दिपमाला बाहेर आली तेव्हा तिचं तोंड पेढ्याने भरलेलं होतं.

असेच अधूनमधून कान धरत जा.

आपला,
योगेंद्र