तिसरी लाथ

२७ ऑक्टोबर २०२५
धाड गावाला पोचलो! स्टँडवर माझी बॅग एका बाईच्या वांग्यांच्या टोपलीत पडली. ती रागावली नाही, उलट दोन वांगी हातावर ठेवली. गाव मला तिथंच आवडलं. इथल्या तपासणी केंद्रात रक्त-लघवी तपासायला आता मीच साहेब आणि मीच शिपाई.

खोली उकंडरावांच्या घरामागची, खिडकीला भक्कम गज. उकंडराव साठीचे, शेतात राबून दणकट झालेले, फक्त कमरेवर हात ठेवून चालतात. त्यांच्या पत्नी पुष्पाबाईंनी झुणका-भाकर वाढली. गप्पांच्या ओघात मी फुशारकीनं सांगून टाकलं, की मी पायाळू आहे. जन्मताना माझे पाय आधी बाहेर आले. त्यांचा भाकरी थापणारा हात थांबला. मग त्यांनी मला आणखी तूप वाढलं.

३० ऑक्टोबर
उकंडरावांची लघवी तपासली. मोरीत साबनावानी फेस येऊन राह्यला, अशी पुष्पाबाईंची तक्रार. पट्टी बुडवली, रंग बदलला नाही. प्रोटीन शून्य. ऐटीत सही ठोकली आणि म्हटलं, कमरेचं तेवढं बघा. कमरेसाठी ते मेडिकलमधून दुखीच्या गोळ्या आणतात, दिवसाला चार.

संध्याकाळी त्यांचा मुलगा गजेंद्र खोलीवर आला. म्हणाला, तुमी पायाळू आहा अन् आमाले सांगून नाही राह्यले? पायाळू माणसाची लाथ बसली की कमरेतली चमक निघते. तीन रविवार, सकाळी, अंगणात पालथं निजवून. पण तिसरी चुकली तं दुखनं उलटते. मी हसलो, पण नाही म्हटलं नाही. आमच्या जालन्याकडंही हे मानतात आणि खरं सांगायचं तर हा मान मला लहानपणापासून आवडतो.

२ नोव्हेंबर, रविवार
पहिली लाथ. मी आपला हळूच पाय लावला, तर उकंडराव खालून खेकसले, पोरीवानी काऊन मारता, जोरानं हाना! मग हाणली. ते उठून बसले, चहा प्यायले, बरं वाटते म्हणाले. ज्यांच्यासमोर मान वर करायची नाही अशा वडीलधाऱ्या माणसाला सगळ्यांदेखत लाथ घालायची आणि वर चहा प्यायचा. मजा आली. लाज वाटते, पण आली.

९ नोव्हेंबर, रविवार
दुसरी. या वेळी मी दोन पावलं मागं जाऊन मारली. कुणी सांगितलं नव्हतं. वाळलेली तुराटी मोडावी तसा आवाज झाला. उकंडरावांचा चेहरा पांढराफटक पडला, मग दात आवळून हसले आणि म्हणाले, निंघाली चमक. गजेंद्रनं माझी पाठ थोपटली.

बरगडी मोडली असणार. एवढ्याशा लाथेनं? तो आवाज दिवसभर टाचेत आहे.

१३ नोव्हेंबर
उकंडरावांना उचकी लागली आहे. तोंड सुजलंय, लघवी कमी. रक्त तपासलं. क्रिएटिनिन साडेसात. मशीन बिघडलं म्हणून पुन्हा लावलं. साडेसात. किडन्या जवळपास बंद. आणि लघवीची पट्टी अजूनही शून्य.

१४ नोव्हेंबर
कॉलेजात शिकवलेली जुनी रीत केली. लघवी नळीत घालून तापवली. साठ अंशांच्या आसपास ती दुधासारखी पांढरी झाली, उकळल्यावर नितळ, निवताना पुन्हा पांढरी. दुसरा नमुना तापवला. तेच.

रोगाशी लढायला रक्तात प्रतिपिंडं असतात. हाडांच्या मगजाचा कॅन्सर झाला की तिथली एखादी पेशी माजते आणि त्यांचे अर्धवट तुकडे बनवतच सुटते. ते तुकडे किडनीच्या बारीक नळ्यांत साचतात आणि मोरीत तूप थिजावं तसे घट्ट बसतात. पट्टीला ते दिसत नाहीत. हे मला माहीत होतं, परीक्षेत लिहिलं होतं. वर त्या गोळ्या, त्यांनी किडन्या आणखीच मेल्या. आणि माजलेल्या पेशी हाडंही आतून पोखरतात.

त्या हाडांवर मी लाथ मारली. दोनदा.

गजेंद्रला सगळं सांगितलं. संभाजीनगरला न्या, डायलिसिस लागेल, कमरेला कुणी हात लावू नका. तो म्हणाला, हाव, जीप सांगतो. पण सोमवारची. रविवार होऊ द्या.

१६ नोव्हेंबर, रविवार
मी नाही म्हणालो. पाया पडलो. गजेंद्रनं तोंडावर बुक्की मारली, दोन दात पडले. काऊन बे, तिसरी ठेवून बापाचा जीव घेतं का? त्यानं आणि दोघा चुलतभावांनी मला उचललं, पाय मुसळासारखा धरला — आणि उकंडरावांच्या कमरेत हाणला. पाय माझा, लाथ त्यांची. आतलं हाड माझ्या टाचेखाली चुरलं. मला कळलं.

उकंडराव ओरडले नाहीत. म्हणाले, दुखनं गेलं. कमरेखाली काहीच वाटून नाही राह्यलं.

पुष्पाबाईंनी रडत माझ्या पायांवर डोकं ठेवलं. जीप रद्द केली.

१८ नोव्हेंबर
पोलिसांत जाईन म्हणालो, म्हणून मला कोंडलंय. फोन गजेंद्रकडं. गजांतून पुष्पाबाई भाकरी देतात. हात धरून विनवलं, अजून न्या, वाचतील. म्हणाल्या, आता दुखत तं नाही न त्याइले.

२० नोव्हेंबर
भिंतीपलीकडून उकंडरावांची उचकी. एकसारखी. दोन दिवस लघवीचा थेंब नाही, पुष्पाबाई सांगतात. अंग झटके देतंय, खाटेचा आवाज येतो. मी भिंतीवर मुठी आपटतो, ओरडतो — ते पुष्पाबाईंना ओळखत नाहीत, परकी बाई म्हणून घराबाहेर काढायला सांगतात —

२१ नोव्हेंबर, सकाळ
उचकी थांबली. मग रडणं.

गजेंद्र अंगणात कुऱ्हाड घासतोय.

दुपार
पुष्पाबाई गजांशी आल्या. डोळे कोरडे. म्हणाल्या, म्या त्याले समजावलं, तो जीव नाही घेनार. बापाले मारलं तो पाय तेवढा —

लाथ तुम्हीच मारलीत, मी ओरडलो. कुणी ऐकत नाही. कडी काढताहेत —

तो दारात. विचारतोय, कोन्ता पाय. त्याला आठवत नाही. भाऊ म्हणतो उजवा, दुसरा म्हणतो डावा — मी सांगत नाही, मी सांगणार नाही — पुष्पाबाई म्हणताहेत, मंग दोन्ही —