तापीच्या पुलापासून घरापर्यंत

जळगाव,
९ नोव्हेंबर

ती. दादास,

नूतनचा नमस्कार. पाकीट बघून तू म्हणशील, घरोघरी फोन असताना हिला कागद कशाला लागला? पण तू माझा फोन घेतोस, स्पीकरवर टाकून आईपुढे ठेवतोस आणि स्वतः गोठ्याकडे निघून जातोस. मग मी आणि आई वांग्याच्या भाजीवर बोलत बसतो. कागद काही स्पीकरवर टाकता येत नाही, म्हणून हा खटाटोप.

मी बरी आहे. पाठ दुखते, पण आयसीयूतल्या कुठल्या सिस्टरची दुखत नाही? यंदा केळीची बाग चांगली निसवली असं वहिनी म्हणाली. थंडी पडू लागलीय, घड झाकायला घेतले असशील. आईचा गुडघा कसा आहे? तिला तेल लावायला सांग, ती ऐकणार नाही, तरी सांग.

भाऊबीजेला तू आला नाहीस. बागेत काम होतं म्हणालास. दिवाळीच्या चार दिवसांत कुठली बाग पळून जाते ते मला सांगू नकोस, मीही त्याच बागेत वाढलेय. मी चंद्राला ओवाळलं. त्यानंही काही घातलं नाही ताटात. तेव्हा तुम्ही दोघे सारखेच.

इकडचं म्हणशील तर आमच्या आठ खाटा कायम भरलेल्या. चार नंबरला साक्रीकडची एक म्हातारी आहे. यकृत गेलं, मग किडन्या गेल्या, आता श्वास मशीनवर आहे. तिचे तीन मुलगे जिन्यात बसून असतात. थोरला धनसिंग. रोज सकाळी दार उघडलं की तो एकच विचारतो, "सिस्टर, माय बोलनी का?" घशात नळी असताना माणूस बोलत नाही हे मी त्याला पाच वेळा सांगितलं. तो मान हलवतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच विचारतो. मला आधी राग यायचा. आता मी नुसतं "नाही अजून" म्हणते.

काल डॉक्टरांनी त्यांना खोलीत बसवून सांगितलं, की आता आमच्या हातात काही राहिलं नाही. ते म्हणाले, मग घरी नेतो. म्हणजे नळी घशात तशीच ठेवायची, मशीन काढायचं आणि तो रबरी फुगा हातानं दाबत दाबत, छातीत हवा घालत, अँब्युलन्समधून दारापर्यंत न्यायचं. घरी पोचलं, सगळ्यांनी तोंड पाहिलं, की फुगा दाबणं थांबवायचं. तुला हे मी काय सांगणार.

बरोबर कोणी जायचं यावर सकाळी इन्चार्जशी माझं वाजलं. एवढ्या लांबच्या वाटेला अनुभवी सिस्टर पाहिजे, तूच जा, असं त्यांचं म्हणणं. मी नाही म्हटलं. आपल्या नानांना तसं घरी आणलं, त्यानंतर मी एकदाही त्या अँब्युलन्समध्ये चढले नाही. शेवटी ऋतिकाला पाठवलं. तेवीस वर्षांची पोरगी, हुशार आहे, पण कधी एकटी गेलेली नाही. तिला सगळं नीट समजावून सांगितलं. जे सांगितलं ते बरोबर सांगितलं का, हे मला माहीत नाही.

वहिनी म्हणत होती, जेवता जेवता तुझा उजवा हात ताटाजवळ थांबतो आणि मूठ आपोआप उघडझाक करते. आणि तुला ते कळतही नाही. डॉक्टरला दाखव, असं मी वहिनीला म्हटलं. दादा, मी स्वतः आयसीयूत चौदा वर्षं काढली आणि डॉक्टरला दाखव म्हणाले.

आणखी लिहायचं होतं, पण ड्यूटीची वेळ झाली. नानांच्या वर्षश्राद्धाच्या आधी एकदा बोलू. आईला नमस्कार, वहिनीला आणि पिल्लांना आठवण.

नूतन

---

जळगाव,
२३ नोव्हेंबर

दादा,

मागच्या पत्रात ड्यूटीची वेळ झाली असं लिहिलं होतं. त्या दिवशी माझी ड्यूटी दुपारीच संपली होती.

पत्र तू वाचलंस, घडी करून खिशात घातलंस, एवढं वहिनीकडून कळलं. आणि परवा तिनंच सांगितलं, की वर्षश्राद्धाला तू पाटावर बसणार नाहीस. पिंड नीलेश देईल, चुलत असला तरी पोरगाच आहे, असं तू भटजींना सांगून आलास. का म्हणून विचारलं तर म्हणालास, "ज्या हातानं श्वास बंद केला त्या हातानं पिंड देऊ का?" वहिनी फोनवर रडत होती. मी हूं हूं करत राहिले.

आता सगळं लिहिते. मध्ये थांबले तर पुन्हा लिहिणार नाही, म्हणून एका बैठकीत लिहिते.

नाना तापीच्या पुलाच्या थोडं पुढे गेले. सकाळी दहा वाजून पंचवीस मिनिटांनी.

घरी नाही. तुझ्या हातात नाही. मेंदूत रक्तस्राव होऊन नऊ दिवस झाले होते, निघालो तेव्हाच रक्तदाब औषधाच्या जोरावर उभा होता. पूल ओलांडला आणि मॉनिटरवरची रेघ आधी संथ झाली, मग सपाट. मी गळ्याला बोटं लावली. नाडी नव्हती. मॉनिटरचा आवाज मी भुसावळलाच बंद केला होता, आता त्याचं तोंडही माझ्याकडे फिरवलं. आणि फुगा दाबत राहिले. फुगा दाबला की छाती वर येते, दादा. माणूस असो वा नसो, येते. तू समोर नानांचे पाय धरून बसला होतास. फैजपूरच्या अलीकडे तू म्हणालास, "नूतन, पाय लय गार लागू राहिले." मी तुझ्याकडे न बघता म्हटलं, "औषधानं लागतात तसे." तू आपला टॉवेल काढून त्यांच्या पायांना गुंडाळलास.

मी असं का केलं? वर्षभर मी स्वतःला एकच कारण सांगत आले. चुडामण काका दीपनगरला कामावर असताना वारले आणि त्यांना घरी आणलं तेव्हा आत घेतलं नाही, बाहेर गेलेलं माणूस उंबऱ्याच्या आत येत नाही म्हणून ओट्यावरच ठेवलं. पाऊस येत होता, वर ताडपत्री धरली होती. नाना ते कधी विसरले नाहीत. दर आजारपणात म्हणायचे, "मले ओट्यावर नका ठेवजा." तर मला वाटलं, अर्धा-पाऊण तास मी फुगा दाबत राहिले तर नाना आपल्या मधल्या घरात, आपल्या पलंगावर जातील. कुणाचं काय बिघडणार आहे?

तेवढ्यापुरतं मला अजूनही वाईट वाटत नाही. वाईट पुढचं आहे.

पलंगावर ठेवलं, आईनं चमच्यानं पाणी घातलं, तुळशीचं पान ठेवलं, सगळ्यांचं पाया पडून झालं. मग भावकीतले थोरले म्हणून हेमराज आबा म्हणाले, आता पुरे करा, त्यांना मोकळं करा. मी थांबणारच होते. तेवढ्यात आबाच म्हणाले, "लेकीचा हात नको, पोराचा लागू दे." आणि सगळं घर तुझ्याकडे बघायला लागलं. त्या क्षणी मी तोंड उघडायला पाहिजे होतं. नाना गेलेत, आता कोणाच्याच हाताचा काही संबंध नाही, एवढंच म्हणायचं होतं. आबा चिडले असते, आईनं हंबरडा फोडला असता, झालं असतं काय ते.

मी फुगा तुझ्या हातात दिला.

आणि खरं सांगू? दिला तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. मी थांबवला असता तर गावभर झालं असतं, की नर्स लेकीनं बापाचा श्वास काढला. ती भीती मला होती. माझ्या हातून काही नको व्हायला, एवढंच डोक्यात होतं. तू मात्र थांबेनास. दहा मिनिटं, बारा मिनिटं, रडत रडत दाबत राहिलास. दर दाबाला "नाना, नाना" म्हणत होतास. मेलेल्या माणसाच्या छातीत माझा भाऊ हवा भरत होता आणि मी शेजारी उभी राहून बघत होते. मग तुझा हात सुटला. मी नाडी पाहिल्याचं नाटक केलं आणि घड्याळ बघून सांगितलं, अकरा वीस.

तेराव्याला मांडवाच्या मागे तू मला विचारलंस, "अजून दाबलं असतं तं किती जगले असते?" एवढा सरळ प्रश्न. मी म्हटलं, "सांगता येत नाही." दादा, सांगता येत होतं. नाना तासाभरापूर्वीच गेले होते. तू आठ दिवस दाबत बसला असतास तरी काही झालं नसतं. हे एक वाक्य मी त्या दिवशी बोलले असते तर तुझं हे वर्ष असं गेलं नसतं.

आता आज का लिहितेय ते सांगते. मागचं पत्र टाकलं त्या रात्री ऋतिका साक्रीहून परत आली. जाण्यापूर्वी मी तिला शिकवलं होतं, वाटेत काही झालं तरी घर येईपर्यंत फुगा सोडायचा नाही, घरच्यांना कळू द्यायचं नाही. शहाणपणा म्हणून शिकवलं मी तिला हे. धुळं मागे पडलं, नेरजवळ म्हातारी गेली. ऋतिकानं दोन मिनिटं दाबलं. मग तिला ते जमेना. तिनं गाडी बाजूला घ्यायला लावली, फुगा मांडीवर ठेवला आणि धनसिंगला म्हणाली, "दादा, माय गेल्या." ती सांगत होती, की तिघे भाऊ रस्त्याच्या कडेला उतरून लहान पोरांसारखे रडले. ट्रक जात होते बाजूनं. गावात पोचल्यावर कुणीतरी म्हटलंच, बाहेर गेलेलं माणूस, अंगणातच ठेवा. धनसिंग म्हणाला, "तिनं घर शे. ती घरमाच जाई." आणि तिघांनी उचलून आत नेलं. कुणी अडवलं नाही.

"सिस्टर, तुम्ही सांगितलं तसं नाही केलं, चिडला का?" असं मला विचारत होती पोरगी. मी तिला चहा करून दिला. मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि तोंड धुऊन आले. धनसिंग म्हणाला तेच तूही म्हणाला असतास ना रे? आबांना बाजूला सारून नानांना आत नेलं असतंस. तुझी ताकद मला ठाऊक होती. मी तुला विचारलंच नाही.

हे फक्त तुला लिहून टाकावं असं आधी वाटलं. मग लक्षात आलं, की तसं केलं तर तू ते आईपासून लपवत बसशील. नाना माझ्या हातचं पाणी घेऊन गेले, असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. तू सुटशील पण गप्प राहशील, आणि एक नवं ओझं तुझ्याच डोक्यावर येईल. म्हणून काल तू केळी भरून सावद्याला गेलास तेव्हा मी घरी आले होते. वहिनीला तुला सांगू नको म्हटलं होतं, तिच्यावर रागवू नकोस.

आई तुरीच्या शेंगा सोलत होती. मी सगळं सांगितलं, तुला लिहिलं तसंच. ती सोलत राहिली. मग विचारलं, "कोठी?" मी म्हटलं, पुलाच्या पुढे. हातातली शेंग तिनं तशीच खाली ठेवली. मग म्हणाली, "मंग मी पाणी कोनाले पाजलं?"

 मी तिच्या पायावर हात ठेवला, तिनं पाय आखडून घेतला. म्हणाली, "माह्या पोराले वरीसभर जाळलं तू. जेवता जेवता हात थांबे त्याचा, मी बघो, अन् तू फोनवर भाजी विचारे." आणि मी निघताना, शेंगांवरून नजर न काढता, "वर्षश्राद्धाले येजो नको."

मी येणार नाही. तिची समजूत घालायला जाऊ नकोस, तिचं काही चुकलेलं नाही. माझी बाजूही मांडू नकोस, मांडण्यासारखी ती नाही. हेमराज आबांना आणि गावाला काय सांगायचं ते तुझं तू ठरव. माझं नाव घेऊन सांगितलंस तरी चालेल.

फक्त पाटावर तू बस. नीलेशला नको बसवू. त्या हातानं काही बंद केलेलं नाही, दादा. बाप गेल्यावरही बारा मिनिटं त्याला जगवायला बघत होता तो हात, दुसरं काही नाही. त्याच हातानं पिंड दे.

मला उत्तर पाठवू नकोस. तू बसलास एवढं वहिनीनं कळवलं तरी मला पुरे आहे.

खाली 'तुझी बहीण' लिहिणार होते, पण ती जागा मोकळी ठेवतेय. ते आता तू ठरवायचंस.

नूतन