कमान आमची, नळ तुमचा

समता कॉलनी, नगर

तीर्थस्वरूप रंभाजीमामांस भारतीचा सविनय जयभीम.

मामींचे गुडघे आता कसे आहेत? आम्ही इकडे बरे आहोत. बरे आहोत हे आता रीतसर मोजूनही झालं आहे, म्हणून हे पत्र. (फोनवर तुम्ही हसता.)

उन्हाळ्यात महापालिकेच्या पाहणीसाठी एक मुलगी मोबाईल घेऊन आली. बी.ए. झालेली बाई म्हणून तिला माझ्याकडेच धाडलं. पडद्यावर शहरातल्या दोन वस्त्यांची नावं येत. जास्त हलाखी जिथे, त्या नावावर बोट ठेवायचं, की पुढची जोडी. उत्पन्न विचारायचं नाही, घरात डोकावायचं नाही. मला पद्धत आवडली. शेजारच्या वस्तीबद्दल माणूस खोटं कशाला सांगेल, असं मी रोजनिशीत लिहिलंही. स्वतःच्या वस्तीबद्दल काय सांगेल, हे मला सुचलं नाही.

मी बायांना एकेक करून बोलावलं. पहिल्या भिमाबाई. टँकरच्या रांगेत हंडे ठेवून आल्या. जोडी आली आमची समता कॉलनी आणि तुमची खाणवस्ती. त्यांनी खाणवस्तीवर बोट ठेवलं. मी म्हटलं, अहो, त्यांना सकाळी तासभर तरी नळ आहे.

"आगं, रविवारी आमच्या रेश्माला बघाया कर्जतचे यायचेत. आन् मी माज्या तोंडानं आमी भिकारी म्हनू व्हय? कॉलनी हाय ही. कमान हाय आपल्याला."

कमान आहे, हे खरं. त्यांच्या मागून आलेल्या बायांच्याही घरी कुणी ना कुणी लग्नाचं होतंच. सगळी बोटं खाणवस्तीवर. मी मात्र फार वेळ घेतला. आपलीच हलाखी मोठी म्हणणं हाही अहंकार नव्हे का? तुमच्याकडे धड रस्ता नाही. 'दोन्ही सारखे' असं बटण नव्हतं. शेवटी मी समता कॉलनी दाबलं. मुलगी म्हणाली, "मॅडम, चुकून दाबलं का?"

कर्जतचे पाहुणे आले ते नेमके टँकरबरोबर. भिमाबाई चहाचं आधण टाकून पाईप धरायला धावल्या, मागून रेश्मा नव्या साडीत हंडा घेऊन. (मीही धावले.) पाहुणे कमानीखाली उभे राहून बघत होते. पोरगी चांगली, पण असल्या वस्तीत सोयरीक नको, असा निरोप आला. मोबाईल न लावता बरोबर मोजलं ते त्यांनीच.

पुढे निकाल लागला. आम्ही खाऊनपिऊन सुखी वस्त्यांत आलो, आणि हलाखी जास्त तिथे आधी या न्यायाने नवी पाईपलाईन तुमच्याकडे गेली. तुमच्याकडे म्हणे झाडून सगळ्यांनी स्वतःचीच वस्ती दाबली. त्यात तुमचा हात नव्हता असं मी मानते (मानायचं ठरवलं आहे).

मामींनी जपून चालावं.

तुमची भाची,
भारती

ता. क. रेश्माला जामखेडचं स्थळ आलं आहे. बघण्याचा कार्यक्रम तुमच्या घरी करावा, असं भिमाबाईंचं म्हणणं. तुमच्याकडे आता दिवसभर नळ आहे. मी हो म्हणून बसले आहे. नाही म्हणू नका.

आणखी एक. ती खाणवस्ती आहे हे पाहुण्यांना कळू द्यायचं नाही, असं भिमाबाईंनी बजावलं आहे. तिथं लई हलाखी हाय म्हणे.